शीलाचा हजेरीपट

मालेगावातल्या एका सत्कार समारंभात माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी भाषण केलं. त्यातल्या एका वाक्यावर सगळा मंडप टाळ्यांनी दणाणला. नेत्याचं चारित्र्य त्याच्या घरच्यांनी पाहावं, गावानं त्याचं काम पाहावं, असं ते वाक्य होतं. सज्जन माणसं आपण पुष्कळ निवडून दिली, ती सज्जन राहिली आणि गावातला चिखलही तसाच राहिला, असंही ते म्हणाले. मागच्या रांगेतून कोणीतरी दाद दिली, "खाते त खाऊ द्या ना बाप्पा, काम त करते!" त्यावर पुन्हा टाळ्या.

हे मालेगाव नाशिकचं नव्हे, वाशीम जिल्ह्यातलं. अकोल्याहून पातूरचा घाट चढून, मेडशी ओलांडून आलेला रस्ता जिथं नागपूर-मेहकर-मुंबईच्या जुन्या रस्त्याला मिळतो, ते. चारी दिशांनी वाहनं येतात, थांबतात, चहा घेतात आणि निघून जातात. विकास आमच्यासमोरून भरधाव जाताना आम्ही आयुष्यभर पाहिला. म्हणून 'काम त करते' या शब्दांना इथं किती वजन आहे ते मला ठाऊक आहे. तहसील कचेरीच्या खेपा घालून थकलेल्या शेतकऱ्यानं ते म्हटलं असतं तर मी मान खाली घातली असती. पण माझ्या या स्नेह्यांनी, म्हणजे सरांनी, तीस वर्षं वर्गात उभं राहून मुलांना विचार करायला शिकवलं. त्यांनी थकलेल्या माणसाची हतबलता उचलायची, तिला तत्त्वज्ञानाचा अंगरखा घालायचा आणि व्यासपीठावरून त्याच माणसाला ती शहाणपण म्हणून परत द्यायची, हे मला सहन झालं नाही. तो राग मनात आहे, आणि तो मनात ठेवूनच मी हे लिहितो आहे.

आधी शब्दाचं पाहू. चारित्र्य हा शब्द 'चर्' या धातूपासून आला. चर् म्हणजे चालणं. माणूस जगात कसा चालतो, कोणाला धक्का देऊन पुढं जातो, कोणासाठी थांबतो, एवढा मोठा ऐवज त्या शब्दात आहे. आपण त्याचं काय करून टाकलं? वर्तमानपत्रात 'चारित्र्याच्या संशयावरून' एवढं छापलेलं दिसलं की पुढची बातमी वाचावी लागत नाही. कुठल्या तरी बाईचा जीव गेलेला असतो. बाईच्या बाबतीत हा शब्द तिच्या देहाभोवती आवळला गेला आणि पुरुषाच्या बाबतीत फार तर बाटलीभोवती. पुढारी पीत नाही, बाहेरख्याली नाही, एकादशी मोडत नाही, म्हणजे तो चारित्र्यवान. पाझर तलावाच्या भिंतीत त्यानं काय केलं, हा प्रश्न त्या खात्यावर लिहिलाच जात नाही.

त्यावर दुसरं ओझं खानदानाचं. 'मोठ्या घरचा आहे, त्याला काय कमी, तो कशाला खाईल?' हे मी प्रत्येक निवडणुकीत ऐकत आलो. थोरपणा वाड्यात जन्मतो ही समजूत आपल्या काळ्या मातीत फार खोल रुतलेली आहे. ती उपटून काढायचं काम याच वऱ्हाडात एका माणसानं स्वतःच्या जगण्यातून केलं. शेंडगावच्या परिटाच्या घरी १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीनं, म्हणजे गाडगेबाबांनी, पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःच्या अंगावर चिंध्या ठेवल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. लोक त्यातला त्याग सांगतात. मला हवाली करणं जास्त महत्त्वाचं वाटतं. बांधलेली वस्तू आपल्या हातातून सोडून देणं आणि तीही विश्वस्त असलेल्या, हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला देणं. या मुद्द्याकडं मी परत येणार आहे.

सरांच्या वाक्याला माझं पहिलं उत्तर तयार होतं. घरी येऊन मी ते वहीत उतरवलंही. एटीएमबाहेर बसणाऱ्या पहारेकऱ्यालासुद्धा नोकरीसाठी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा लागतो. इकडं २०२४ साली लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी आपल्यावरचे फौजदारी खटले स्वतःच्या शपथपत्रात लिहून दिले आहेत. २०१४ साली हा आकडा १८५ होता. खटला म्हणजे दोष नव्हे, हे मला मान्य आहे. कापसाच्या भावासाठी रस्ता अडवला तरी गुन्हा दाखल होतो. पण दहा वर्षांत एवढ्यांनी काही रस्ते अडवलेले नाहीत. पहारेकऱ्याला जी कसोटी आपण लावतो ती तिजोरीच्या मालकाला लावत नाही, आणि सर म्हणतात ती लावूच नये.

शिवाय 'खातो पण करतो' हे मुळात खरंच नाही. रस्त्याच्या कामात ज्यानं आपला वाटा घेतला त्याला ठेकेदार ओळखून असतो. पुढच्या पावसात डांबर उखडलं की तो नेता ठेकेदाराला बोलावून घेऊ शकत नाही. अभियंत्याकडं मान वर करून पाहू शकत नाही. मुकादमाला दोन शब्द सुनावू शकत नाही. खाल्लेल्या पैशाची रक्कम कदाचित छोटी असेल, पण त्या रकमेला त्यानं विकलेली वस्तू मोठी असते. दुसऱ्याला जाब विचारायचा हक्क त्यानं विकलेला असतो. त्यानंतर काम त्याच्या हाती राहत नाही, फक्त भूमिपूजन राहतं. फीत कापलेला, पाटी लावलेला आणि दोन वर्षांत वाहून गेलेला रस्ता दाखवायला मला सरांना फार लांब न्यावं लागणार नाही.

इथवर लिहून मी समाधानानं झोपलो. दुसऱ्या दिवशी वही उघडली तेव्हा सरांच्या भाषणाचा दुसरा अर्धा भाग समोर उभा राहिला. सज्जन सज्जनच राहिले आणि चिखल तसाच राहिला. हा भाग मला खोडता येईना, कारण तो माझ्या घरात घडला आहे.

आमच्या भागात एक पतसंस्था होती. तिचे अध्यक्ष गावाचे भाऊ. नितळ माणूस. संस्थेच्या बैठकीतला चहासुद्धा ते घ्यायचे नाहीत, घरून पाण्याचा तांब्या आणायचे. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहून लोकांनी पैसे ठेवले. माझ्या मायनं, जिला सही करता येत नव्हती, अठ्ठावीस हजार ठेवले. दरवर्षी सभा व्हायची, लेखापरीक्षणाचा अहवाल वाचायला कोणीतरी उभं राहायचं आणि दोन पानं उलटायच्या आत आम्ही 'मंजूर, मंजूर' म्हणून मोकळे व्हायचो. भाऊ समोर बसलेले असताना आकड्यांकडं बोट दाखवणं म्हणजे त्यांचा अपमान केल्यासारखं वाटायचं. मी स्वतः त्या सभांना जायचो. मला हिशेब वाचता येत होता. मी वाचला नाही. मग एक दिवस शटर खाली आलं. कर्जं भलत्याच नावांवर गेली होती आणि प्रत्येक कागदावर भाऊंची सही होती. व्यवस्थापकानं कागद पुढं ठेवला की ते सही करायचे. दुसऱ्यावर अविश्वास दाखवणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. त्यांनी एक पैसा खाल्ला नाही. आणि तरीही त्यांच्या सज्जनपणानं जेवढं नुकसान केलं तेवढं एखाद्या लबाडाला करता आलं नसतं, कारण लबाडाच्या संस्थेत मायनं पैसे ठेवलेच नसते.

त्यामुळं पहिल्या रात्री मांडलेली माझी बाजू मला मागं घ्यावी लागते. स्वच्छ माणूस निवडला की झालं, असं मी आता म्हणू शकत नाही.

याच तालुक्यातलं शिरपूर पाहा. अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर. दिगंबर आणि श्वेतांबर जैन, दोन्ही बाजूंना व्रतस्थ माणसं. अपरिग्रह ज्यांच्या रोजच्या आचरणात आहे, मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून जपणारी. पूजेच्या हक्काचा वाद इंग्रजांच्या काळात थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला, १९२९ साली तिथं निकाल लागला, तरी तो मिटला नाही. पुढं मंदिराला कुलूप लागलं आणि भाविक एका छोट्या झरोक्यातून दर्शन घेत राहिले. सुमारे चार दशकांनी, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च २०२३ मध्ये ते दार उघडलं. कोणाची बाजू खरी हे ठरवायला मी बसलेलो नाही. मला एवढंच दिसतं की दोन्हीकडच्या माणसांच्या वैयक्तिक शुद्धतेबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती, आणि तरी दार बंदच राहिलं. माणूस शुद्ध असणं आणि त्याच्या हातून दोघांना एकत्र नांदता येईल अशी व्यवस्था उभी राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा उलगडा मला झाला तो बाबासाहेबांमुळं. १८ जानेवारी १९४३ रोजी, न्यायमूर्ती रानड्यांच्या एकशे एकाव्या जयंतीनिमित्त, पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात त्यांनी जे भाषण केलं ते 'रानडे, गांधी आणि जिना' या नावानं प्रसिद्ध आहे. लोक ते गांधी आणि जिना यांच्यावरच्या कठोर टीकेसाठी उघडतात. मी त्याच्या पहिल्या भागात अडकलो. मोठा माणूस कोणाला म्हणायचं, हा प्रश्न बाबासाहेब तिथं एखाद्या खटल्यासारखा चालवतात. जग जिंकणाऱ्यांना ते बाजूला सारतात. मग कार्लाइलची कसोटी घेतात: निष्ठा, सच्चेपणा. तो पाहिजेच, त्याच्याशिवाय पुढं बोलायचंच नाही. पण तेवढ्यावर ते थांबत नाहीत. सच्चेपणाला बुद्धीची जोड नसेल तर तो पुरत नाही. आणि दोन्ही असूनही माणूस नामवंत होईल, मोठा होईलच असं नाही. मोठा होण्यासाठी समाजासाठीचं एखादं ध्येय त्याला आतून ढकलत असावं लागतं. समाजाची घाण उपसणारा आणि वेळ पडली तर समाजावर आसूड ओढणारा, असं दुहेरी काम त्याला करावं लागतं.

हे वाचलं तेव्हा मला भाऊ आठवले. पहिल्या कसोटीला शंभर नंबरी आणि दुसऱ्या कसोटीला नापास. आणि पहिलीत ते इतके उत्तम होते की दुसरी घ्यायची आम्हाला लाज वाटली.

त्याच भाषणात विभूतिपूजेचे दोन प्रकार बाबासाहेबांनी वेगळे काढले आहेत. एखाद्याबद्दल मनापासून आदर वाटणं निराळं आणि त्याच्या मागून डोळे मिटून चालणं निराळं. रानड्यांबद्दल त्यांना आदर आहे, तो ते मोकळेपणानं व्यक्त करतात, पण रानड्यांच्या उणिवाही त्याच भाषणात सांगतात. ज्यांच्या जयंतीला बोलवलं त्यांच्याच उणिवा. आपल्याकडच्या किती जयंत्यांत हे आज शक्य आहे?

पुढं २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं त्यांचं समारोपाचं भाषण. त्यातल्या दोन विधानांनी मला बरीच वर्षं पेचात टाकलं होतं. एकीकडं ते म्हणतात, की संविधान कितीही चांगलं असलं तरी राबवणारे वाईट निघाले तर ते वाईटच ठरेल. म्हणजे माणसाचं शील हाच आधार. आणि त्याच भाषणात, थोड्याच वेळानं, ते बजावतात की कितीही मोठ्या माणसाच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य वाहू नका. धर्मात भक्ती मोक्षाकडं नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडं आणि शेवटी हुकूमशाहीकडं नेते. म्हणजे माणसाच्या शीलावर विसंबू नका. मग यातलं खरं कोणतं? व्याख्यानांत वक्ते आपापल्या सोयीचं एक विधान उचलतात. सरांनी उद्या दुसरं उचललं तर मला नवल वाटणार नाही.

पेच सुटतो तो वर्षभर आधीच्या भाषणात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधानाचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी ग्रोट या इतिहासकाराचा आधार घेऊन संविधानिक नैतिकतेची गोष्ट काढली होती. या नैतिकतेचे दोन हात आहेत. नियमांबद्दल आणि त्यांनुसार काम करणाऱ्या अधिकाऱ्यांबद्दल आदर, हा एक. त्याच अधिकाऱ्यांवर त्यांच्या सार्वजनिक कृत्यांबद्दल मोकळेपणानं टीका करायची सवय, हा दुसरा. ही वृत्ती जन्मजात नसते, ती मुद्दाम जोपासावी लागते, असं ते म्हणाले होते. हे ध्यानात घेतलं की १९४९ ची दोन विधानं एकमेकांत बसतात. शील हवंच. पण ते विचारणाऱ्याकडंही हवं आणि उत्तर देणाऱ्याकडंही. ज्याला प्रश्न विचारलेला सोसतो, इतकंच नव्हे तर आपल्याला प्रश्न विचारता यावा म्हणून जो स्वतःच्या हातानं वाट करून ठेवतो, तो नेता शीलवान. बाबासाहेबांनी शील हा शब्द प्रज्ञा आणि करुणा यांच्या मधोमध का ठेवला, तेही मला यातून उमगलं. प्रज्ञेवाचून शील म्हणजे आमचे भाऊ.

अशी वाट करून ठेवणाऱ्या एका माणसाचं नाव आज फार थोड्यांच्या तोंडी आहे. वि. स. पागे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीची खुर्ची मानाची, शांत. तिथं बसून राहिले असते तरी त्यांच्या सज्जनपणाची वाखाणणी झाली असती. त्यांनी १९६९ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम द्यायचा प्रयोग सुरू करवला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, आमच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. दुसऱ्याची कल्पना राज्याची म्हणून उचलायलाही मन मोठं लागतं. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा हा विचार हाताशी होता. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रेशनवरच्या लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी आमच्या पिढीला अजून आठवते.

दुष्काळ ओसरल्यावर सगळं विसरून जाता आलं असतं. तसं झालं नाही. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. त्यासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसला. शिक्षक म्हणून माझ्या पगारातून तो कापला जायचा तेव्हा मी एकदाही कुरकुर केली नाही. कायदा काय म्हणत होता? काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्या, नाहीतर बेकारी भत्ता द्या. २००५ साली केंद्रानं देशभरासाठी कायदा केला, त्याचं मूळ इथं आहे.

पागे यांच्यातला थोरपणा मला नेमका इथं दिसतो. दयाळू माणूस दुष्काळात अन्नछत्र उघडतो आणि लोक त्याचे पाय धरतात. पागे यांच्या योजनेत मजुराला कोणाचेच पाय धरावे लागत नव्हते. तो अर्ज करायचा आणि सरकारला उत्तर द्यावं लागायचं. आपल्या अंतःकरणातली करुणा त्यांनी आपल्यापाशी ठेवली नाही, ती दुसऱ्याच्या हाती हक्क म्हणून सोपवली. गाडगेबाबांनी धर्मशाळा हवाली केली तशीच. या योजनेत पुढं बोगस हजेरीपट झाले, मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी उचलली गेली, हे सगळं झालं. सर त्याकडं बोट दाखवतील. त्यांनी दाखवावं. पण तो भ्रष्टाचार भ्रष्टाचार म्हणून पकडता आला, तो हजेरीपट नावाचा कागद होता म्हणून. दानात हजेरीपट नसतो.

हे मी पुस्तकातून शिकलो असं म्हणालो तर ते अर्धंच खरं होईल. माझी माय या कामांवर जायची. खडी फोडायला, नाल्याच्या बांधावर माती टाकायला. तिला अंक वाचता येत नव्हते, म्हणून चुलीमागच्या भिंतीवर ती रोज संध्याकाळी कोळशानं एक रेघ ओढायची. सहा रेघा झाल्या की आडवी एक. मजुरी वाटायच्या दिवशी मुकादमानं नऊ दिवस सांगितले आणि भिंतीवर अकरा रेघा असल्या की ती रांग सोडून बाजूला उभी राहायची आणि हजेरीपट पुन्हा वाचायला लावायची. मुकादम चिडायचा. मागच्या बाया म्हणायच्या, घे ना बाई, जाऊ दे. ती हलायची नाही. अकरा म्हणजे अकरा.

पतसंस्था बुडाल्यावर काही महिन्यांनी भाऊंनी ठेवीदारांना बोलावलं. वकिलानं जाऊ नका म्हटलं होतं, असं नंतर कळलं. मंदिरासमोरच्या पारावर सतरंजी टाकली होती. भाऊ खुर्चीवर बसले नाहीत, खाली आमच्यात बसले, सगळे कागद समोर ठेवले आणि म्हणाले, विचारा. दोनशे माणसं होती. कोणी बोलेना. त्या उतरलेल्या चेहऱ्याकडं पाहून कोणाचीच जीभ रेटेना, माझीसुद्धा. मागच्या बाजूनं माय उठली. पदर खोचला.

"भाऊ, माहे पैसे कुठी गेले?"

भाऊंनी कागद उलटले. कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर, किती, ते वाचून दाखवलं. आवाज कापत होता.

"आन् सई करतानी वाचलं होतं का तुमी?"

"नाही, बाई," भाऊ म्हणाले. "वाचलं नव्हतं."

माय तशीच उभी राहिली. "मंग आता वाचा," ती म्हणाली. "सगळ्याइचं वाचा. मी हावो इथीसा."

भाऊंनी पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. अंधार पडला तेव्हा कोणीतरी कंदील आणला.